सोवळ्यास चालेल, कफनास चालेल

नाकात कापसाचे बोळे घालून मिरचीबाजारातून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शनवारा वेशीकडून आमच्या कचेरीकडे येताना मसाल्याच्या दुकानांची ओळ लागली की ते थांबत, सदऱ्याच्या खिशातून कापूस काढत, दोन्ही नाकपुड्या बंद करत आणि तोंडानं श्वास घेत ती गल्ली पार करत. एक दुकानदार रोज विचारायचा, "बाबूजी, आज नाक घर पे रखके आए क्या?" ते मान हलवून पुढे जात. पलीकडे पोचल्यावर बोळे काढत आणि न्हाऊ घातलेल्या लेकराला पुसावं तसं रुमालानं नाक पुसत.

बऱ्हाणपुरात त्यांना सगळे नाकवाले बाबू म्हणत. मीही बाबूच म्हणत असे. विणकरांच्या सहकारी सोसायटीत ते तपासनीस होते आणि मी त्यांच्या हाताखाली हंगामी कारकून. सोसायटी विणकरांना सूत देई, त्यांनी विणलेले तागे परत घेई, तपासून शिक्का मारी आणि विकायला पाठवी. शिक्का बाबूंच्या हातात. मी जवळच्या दापोरा गावचा, केळी-कापूस करणाऱ्या घरातला, मॅट्रिक झालेला. मला त्या नोकरीत कायम व्हायचं होतं. याहून मोठी इच्छा त्या वयात मला नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. टेबलावर दिवसाही एक चिमणी जळत असे. कापडाच्या कडेचा एक धागा उसवायचा, चिमणीवर धरायचा, विझवायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. मग दुसरा, न जाळलेला धागा घेऊन जिभेवर ठेवायचा आणि थोडा वेळ तसंच बसायचं. खळ कशाची आहे, मैद्याची की आणखी कशाची, हे त्यांना त्यातून कळे. धाग्याला खळ द्यावी लागते, नाहीतर तो मागावर तुटतो. आमचे विणकर मैद्याची खळ देत. पण बाहेरून येणाऱ्या सुतात काही जण चरबी मिसळत. चरबीनं धागा मऊ होतो, सरसर चालतो. जाळल्याशिवाय सहसा कळत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक पांढरा तागा टाकला आणि विचारलं, चांगला आहे का. मी हात फिरवून चांगला आहे म्हणालो.

"कोणासाठी?" बाबू म्हणाले.

मी पुन्हा ताग्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "नुसतं चांगलं म्हणणं म्हणजे पाहुण्यानं भाजीला चांगली म्हणण्यासारखं आहे. नेसणारा कोण, ते विचार."

त्यामुळे सोसायटीचा 'पास' हा एकच शिक्का त्यांना पुरत नसे. शिक्क्याखाली ते टाचणीनं आपली चिठ्ठी लावत. बारीक, सरळ अक्षर. 'सोवळ्यास चालेल.' 'कफनास चालेल.' 'रोज नेसण्यास चालेल, सणास नको.' एकदा तर 'चांगले आहे, पण विणताना माणूस रागात होता' अशी चिठ्ठी मी स्वतः पाहिली आहे. चेअरमन वैतागत. बाबू, आपण कापड विकतो की पत्रिका जुळवतो, असं त्यांनी एकदा भर बैठकीत विचारलं. बाबू म्हणाले, दोन्ही सारखंच आहे, चुकलं की नंतर बोंब होते.

पण ग्राहक त्या चिठ्ठ्या वाचत. कापडाचा मोठा व्यापार असलेले जैन शेठजी बाबूंच्या चिठ्ठीशिवाय तागा दुकानात ठेवत नसत. माझी आई वाचायला शिकलेली नव्हती, पण दापोऱ्याला कापड नेलं की आधी टाचणी चाचपून बघायची.

बाबूंचा धर्म कोणता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकादशीला ते उपास करत. रमजानात चार-दोन रोजे ठेवत. जैनांच्या पर्युषणात सूर्य मावळल्यावर जेवत नसत. शेठजींनी एकदा गमतीनं म्हटलं, की बाबू, तुम्ही उपास करता की उपासाचीही चव बघता? बाबू गंभीरपणे म्हणाले, चवच बघतो. तिन्ही भुका वेगळ्या लागतात. संध्याकाळी ते कुठल्या तरी पायरीवर बसलेले दिसत. कधी मंदिराच्या, कधी मशिदीच्या, कधी कबीरपंथीयांच्या मठाच्या. आत जात नसत. विचारलं तर म्हणत, "आत गेलं की मी त्यांच्यातला होईन. मग मला त्यांचं नाक कळणार नाही, माझंच वाटेल."

ते विणकरांच्या सिंधीपुरा मोहल्ल्यात हनीफचाचांच्या घरी भाड्यानं राहत. हनीफचाचा आमच्या सोसायटीचे सगळ्यात चांगले विणकर. बाबूंची खोली म्हणजे जुन्या मागाची खोली होती. माग काढून नेला होता, पण विणकराचे पाय सोडायचा खड्डा जमिनीत तसाच होता. खाट सोडून बाबू त्या खड्ड्यात पाय सोडून बसत, समोर पाट, पाटावर वही. उन्हाळ्यात तिथे गार लागे. वहीत प्रत्येक ताग्याचा चिमूटभर तुकडा टाचलेला असे आणि शेजारी कोणी ते नेलं, काय म्हणालं, हे लिहिलेलं. हनीफचाचांची म्हातारी अम्मी दारातून जाताना म्हणायची, "देखो, बैठ गया गड्ढे में. जीते जी कबर की आदत डाल रहा है." बाबू वर न बघता विचारायचे, "अम्मी, कफन को कैसा कपड़ा अच्छा?" म्हातारी रोज तेच सांगायची. साधं, पांढरं, पाक. आणि बाबू रोज ते नव्यानं ऐकल्यासारखं मान डोलवायचे.

ती वर्षं प्रांतांच्या जोडाजोडीची होती. आमचे कागद नागपूरला जात, ते आता भोपाळला जाणार असं ठरलं. आपण मुंबईकडे जायला हवं होतं की इकडेच बरं, यावर चौकाचौकात वाद चालत. तापीखालचे नातेवाईक एका राज्यात आणि आपण दुसऱ्यात, याचं आईला फार नवल वाटे. बाबूंना कोणी मत विचारलं की म्हणत, खळ कोणतीही द्या, ताण्याचे उभे धागे तेच आहेत.

पण त्या जोडाजोडीत आमचं सूत अडकलं. सुताच्या मंजुरीचा कागद नागपूरच्या कचेरीतून निघाला होता, भोपाळच्या कचेरीत पोचला नव्हता. मधे कुठेतरी पेट्यांमध्ये बांधलेला होता. दोन महिने माग बंद राहिले. सिंधीपुऱ्यातून जाताना धोट्यांचा खटखटाट ऐकू येईना, तेव्हा कानाला काहीतरी झाल्यासारखं वाटे. मी एकदा बाबूंकडे गेलो, तर हनीफचाचांच्या चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवलेलं होतं. शेजाऱ्यांना धूर दिसावा म्हणून.

शेवटी चेअरमननी बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून खळ दिलेले तयार ताणे मागवले. माल आला त्या सकाळी बाबूंना पडसं झालं होतं. डोळे लाल, नाक चोंदलेलं, आवाज घोगरा. कचेरीबाहेर विणकर उकिडवे बसून होते. चेअरमननी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आज माल पास व्हायलाच हवा, आणि तुझा कायम व्हायचा कागदही माझ्या टेबलावरच आहे.

बाबूंनी धागा जाळला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग जळका धागा माझ्यापुढे धरला.

"मला काही लागत नाही," ते म्हणाले. "माझं नाक आज तू हो."

मी हुंगलं. दीड वर्ष मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, वास मला कळत होता. मैद्याचा धागा जळला की भाजलेल्या पोळीसारखा वास येतो. हा वास तसा नव्हता. विझलेल्या दिव्यासारखा, जड, घशात बसणारा. खिडकीतून हनीफचाचा दिसत होते. ते आमच्याकडे बघतही नव्हते, काडीनं मातीत रेघा ओढत होते.

"मैद्याची आहे, बाबू," मी म्हणालो.

बाबूंनी शिक्का मारला. दुसरा धागा जिभेवर ठेवायचा राहिला. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि ज्यानं हायसं वाटतं त्याचा विचार माणूस करत नाही. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'सोवळ्यास चालेल, कफनास चालेल.' सूत पास झालेलं, म्हणून तागे विणून आले तेव्हा पुन्हा जाळले नाहीत, प्रत्येकाला तीच चिठ्ठी लागली.

ते कापड फार सुंदर झालं. हे सांगितलंच पाहिजे. धागा तुटतच नाही, असं हनीफचाचा जो भेटेल त्याला सांगत होते. शेठजींनी अर्धे तागे घेतले. उरलेले खेड्यांच्या बाजारांना गेले. आईनं निरोप पाठवला, की सोवळ्याला एक वस्त्र आण. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी नेऊन दिलं. तिनं टाचणी चाचपली, खूश झाली आणि ते नेसून नैवेद्याचा स्वयंपाक केला. मी जेवलो.

महिन्याभरानं हनीफचाचांची अम्मी गेली. तिला त्याच कापडात गुंडाळलं. मुलाच्या हातचं कापड म्हणून मोहल्ल्यात तिला भाग्यवान म्हणत होते. बाबू कबरस्तानापर्यंत गेले. परत आले ते सरळ कचेरीत, पायाला माती तशीच. वहीतला त्या खेपेचा तुकडा काढला, धागा उसवला, चिमणीवर धरला. त्यांचं पडसं केव्हाच बरं झालं होतं. मी समोर बसलो होतो. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"चरबी आहे," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, चिमणीकडे बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर निघाले. ज्यानं ज्यानं ते कापड नेलं त्याचं नाव, निदान बाजाराचं नाव, वहीत होतंच. मी सोबत गेलो. का गेलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपल्या नावाचा उल्लेख होतो का, ते ऐकायला गेलो असेन.

पहिल्यांदा हनीफचाचा. बाबूंनी दारात उभं राहून सांगितलं, की माझा शिक्का खोटा होता. हनीफचाचा मागावर होते. हात थांबले. चरबी कोणत्या जनावराची, असं त्यांनी विचारलं. बाबू म्हणाले, ठाऊक नाही. व्यापाऱ्याला पत्र टाकलं, पण पुढे त्याचं उत्तर आलं ते 'माल उत्तम आहे' एवढंच. चरबी कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही, त्यामुळे ज्याला जी नको तीच असणार असं प्रत्येकाला वाटलं. हनीफचाचा मौलवींकडे जाऊन आले. मग म्हणाले, "बेखबरी माफ है, बाबू. मैंने अच्छी नियत से बुना, अम्मी ने अच्छी नियत से पहना." थोडं थांबून म्हणाले, "मगर मालूम किसको था?"

बाबू म्हणाले, शिक्का माझा होता. हनीफचाचा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी खड्ड्याच्या काठावर चहाची कपबशी ठेवून गेले.

शेठजींचं म्हणणं उलट होतं. त्यांनी बाबूंना गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, की निखाऱ्यावर पाय नकळत पडला तरी भाजतोच. मी नकळत विकलं, तरी जीव गेला तो माझ्या दुकानातून गेला. त्यांनी उरलेले तागे गोदामात टाकले, कोणाला फुकटही दिले नाहीत आणि तीन उपास केले. बाबूंनी विचारलं, की मीही करू का. शेठजी म्हणाले, "तुमचे तुम्ही करा. माझ्यात वाटेकरी नको." निघताना त्यांनी विचारलंच, की तुमच्या कचेरीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं?

दापोऱ्याला बाबू माझ्या आईसमोर ओसरीवर हात जोडून उभे राहिले. आईला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती आत गेली, ते वस्त्र काठीनं उचलून आणलं, अंगणात टाकलं. मग दोन घटका विचार करून म्हणाली, की उकळून फाडते, केळीच्या घडांना टेकू बांधायला चिंध्या लागतातच. वस्तू वाया घालवणंही बरं नाही. बाबूंना तिनं जेवू घातलं. खरं सांगायला इतक्या लांब आलेला माणूस उपाशी जाऊ नये म्हणाली. ते जेवत असताना मला मागच्या दारी बोलावलं. मधे नुसता कुडाचा आडोसा होता.

"तुले ठावं व्हतं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

देडतलाईच्या आठवडी बाजाराला आम्ही मोटारीनं गेलो. बाबू बाजाराच्या मध्यभागी उभे राहून सांगू लागले, तसे लोक जमले आणि हसू लागले. आपलाच माल खराब म्हणून ओरडणारा विकणारा त्यांनी पाहिला नव्हता. एका कोरकू बाईनं ते कापड घेतलं होतं. तिला चरबीचं काही वाटलं नाही. नदीवर दोनदा धुतलं, टिकलं, बस. पण तिनंही कमरेवर हात ठेवून विचारलं, की मग हे आधी कोणाला ठाऊक होतं? बाबूंनी वही मिटली. ती म्हणाली, "जो अपना माल बुरा बताने आया, उसका माल अच्छा." आणि त्यांच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले.

परतीच्या मोटारीत बाबू फुटाणे खात होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, की शेठजी म्हणतात नकळतही भाजतं, चाचा म्हणतात नकळत ते माफ, आई म्हणते वाया घालवू नका, ही बाई म्हणते परत आलात म्हणजे चांगलं. यातलं खरं कोणाचं?

"चार नाकं आहेत," बाबू म्हणाले. "वास वेगवेगळा येणारच." मग अर्धे फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले. "पण एक प्रश्न चौघांनीही विचारला. तो तू ऐकलास का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. कपाशीची शेतं मागे जात होती. गावं एकामागून एक येत होती, आणि प्रत्येक वेळी पुढच्या गावापर्यंत सांगून टाकू, असं मी ठरवत होतो. मोटार शनवाऱ्याला येऊन थांबली.

बैठकीत चेअरमननी बाबूंना धारेवर धरलं. गावोगाव जाऊन सोसायटीचं नाव घालवलं म्हणाले. मग एका सभासदानं मला विचारलं, की तू तिथे होतास, तुला वास आला नव्हता?

मी म्हणालो, "मला काही कळलं नाही."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तागा तपासताना पाहत तसं, तेवढंच थांबून. मग चेअरमनना म्हणाले, "नाक माझं, शिक्का माझा. त्याला का विचारता?"

त्यांना काढून टाकलं. मी कायम झालो आणि पुढे त्यांच्या खुर्चीत बसलो. चिमणी तीच होती. मी धागे जाळत राहिलो, आणि प्रामाणिकपणे जाळले. त्यानंतर एकही खोटा शिक्का मारला नाही. पण चिठ्ठी लावायला माझा हात कधी धजला नाही.

बाबू हनीफचाचांकडेच राहिले. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून देत. खड्ड्यात बसून, चरख्यावर, दिवसभर. मिरचीबाजारातून जाताना आता ते कापूस घालत नसत. खुशाल शिंकत जात. तो दुकानदार म्हणे, "बाबूजी, नाक वापस आ गई क्या?" बाबू म्हणत, "पेन्शन पे है." मी सणावारी जाऊन भेटे, केळी नेऊन देई. ते माझ्या कामाची चौकशी करत, नव्या सुताबद्दल विचारत. त्या गोष्टीचा शब्दही नाही. मला वाटे त्यांना ठाऊक नाही. कधी वाटे ठाऊक आहे. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, ते ठरवता येत नसे.

सोळा वर्षं अशी गेली. मग ते आजारी पडले, आणि एका दुपारी मी खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. वास आला होता, नोकरीसाठी खोटं बोललो, तुमची नोकरी घालवली. बोलताना मी रडलो. माझी समजूत होती की ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

बाबू म्हणाले, "पडशानं नाक बंद होतं. जीभ कुठे बंद होती?"

मला कळेना.

"चरबी जिभेला चिकटते. चव लागो न लागो, चिकटते. मी धागा जिभेवर ठेवला असता तर लगेच कळलं असतं. ठेवला नाही. बाहेर हनीफ बसला होता. मला कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून तुला पुढे केलं." ते धापा टाकत थांबले. "घरोघर हिंडलो, लोक साधू म्हणाले. कोणालाही हे सांगितलं नाही. माझं पाप तुझ्याहून थोरलं आहे, आणि तू इथे माझ्याकडे माफी मागायला आलास."

 शेजारच्या खोलीत हनीफचाचांचा माग चालू होता.

"मी काल हनीफला सांगितलं," बाबू म्हणाले. "माझं तेवढं. तुझं नाही. मला सांगून काय उपयोग? कापड काय माझं होतं?"

आठवड्याभरात ते गेले. दहन की दफन, मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. हनीफचाचांनी बाबूंची पेटी उघडली. आत त्यांनीच भरलेल्या कांड्यांवर विणलेलं पाच वार पांढरं कापड होतं, आणि टाचणीनं लावलेली चिठ्ठी. 'कशासही चालेल.' तिथे उभे असलेले सगळे हसले, आणि मग शेठजींनी डोळ्याला उपरणं लावलं. शेवटी तापीवर दहन झालं. खांदा सगळ्यांनी दिला.

त्यानंतर तीन दिवसांनी मी हनीफचाचांकडे गेलो. ते विणत होते. मी जमिनीवर बसून सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. वीतभर कापड विणून झालं, तेव्हा धोटा बाजूला ठेवला.

"उस दिन मेरे चूल्हे पे क्या था, तुझे मालूम था?"

"हो. पाणी."

"तो मेरे लिए झूठ बोला?"

"थोडं तुमच्यासाठी, चाचा. थोडं नोकरीसाठी."

"कितना मेरे लिए, कितना नौकरी के लिए?"

मी खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "अजून ठरवता आलेलं नाही," मी म्हणालो.

हनीफचाचांनी धोटा पुन्हा उचलला. "ठहरा ले. तब तक हर जुम्मे को अम्मी की कबर पे पानी डाल आ."

एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत, नाही केलं असंही म्हणाले नाहीत. पुढच्या शुक्रवारपासून मी जाऊ लागलो. शहरात चर्चा झाली. कोणी म्हणालं, चांगलं करतो. कोणी म्हणालं, हिंदू माणसानं हे कशाला. एका मौलवींनी असल्या पाण्यानं काही होत नाही असं समजावलं. शेठजी म्हणाले, भाजलेल्या पायावर पाणी घालण्यात वाईट काय? आई तोवर माझ्याकडे बऱ्हाणपुरात राहायला आली होती; ती तेव्हापासून शुक्रवारी माझा तांब्या घासून दारात ठेवू लागली. तिनं मागच्या दारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला असं मिळालं असावं.

हनीफचाचा जाऊन आता चार वर्षं झाली. 'आता बस' असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि आता म्हणायला कोणी उरलेलं नाही. त्यांची कबर अम्मीच्या शेजारीच आहे, म्हणून तांब्यातलं पाणी दोघांत वाटतो. कशासाठी किती, हे मी अजून ठरवतोच आहे. बाबू असते तर म्हणाले असते, ते खोटं जिभेवर ठेवून बघ. मी ठेवून बघतो. ते अजून चिकटतं.